तिरुवैयारूची भुईआवळी

भुवनेश्वरी ज्या खुर्चीवर बसते त्या खुर्चीचे पाय महिन्याभरात सैल होतात, असं तिच्या कॉलेजातले शिपाईसुद्धा म्हणतात. बसली की पाय हलवणार, उभी राहिली की पेनाचं टोपण काढणार आणि घालणार, कोणाशी बोलताना स्वतःच्याच पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहणार. तंजावूरच्या एका खासगी कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवते. शिकवताना फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत इतक्या येरझारा घालते, की पुढच्या बाकावरच्या मुली तास संपल्यावर मान चोळत बाहेर पडतात.

अशा बाईनं संशोधनाला विषय कोणता घ्यावा? तर एका जागी बसून वीतभर उंचीच्या झाडाची पानं मिलिमीटरमध्ये मोजायचा. तेही एक-दोन नाही, चांगली नऊ वर्षं.

झाड म्हणजे भुईआवळी. तमिळमध्ये कीळानेल्ली. कावेरीच्या मुलखात भाताच्या बांधावर, कालव्याच्या कडेला, घराच्या मागच्या मोरीपाशी, जिथं ओल आहे तिथं ती उगवते. कावीळ झाली की इथं पहिल्यांदा हिचीच आठवण होते. मंडईत बायका हिच्या जुड्या बांधून विकतात. घोटाळा असा, की त्या जुडीत एक झाड नसतं. सख्ख्या बहिणी असाव्यात तशी चार-पाच वेगवेगळी झाडं असतात, दिसायला सारखी आणि गुणाला सारखी नसलेली. कोणाच्या बीवर उभ्या रेघा, कोणाच्या बीवर आडव्या, कोणाच्या बीवर नुसते ठिपके. कोणाच्या फुलाला पाच पाकळ्या, कोणाच्या सहा, आणि फूल तर मोहरीएवढं. ही झाडं नुसत्या बाहेरच्या अंगावरून कशी ओळखायची, कोणतं अंग किती बदलतं आणि कोणतं बदलत नाही, हे भुवनेश्वरीचं काम होतं. भिंग, पट्टी, वही आणि स्कूटी एवढ्या भांडवलावर तिनं आख्खा तंजावूर जिल्हा पालथा घातला होता.

आणि त्या फिरण्यात तिला तिरुवैयारूला ते सापडलं होतं.

तिरुवैयारू तिच्या आईचं माहेर. तिथं नदीवरच्या स्नानाच्या पायऱ्यांपासून वर वस्तीकडे एक पायवाट जाते, आणि त्या वाटेच्या दोन्ही अंगांना भुईआवळी माजलेली असते. तिचं फूल नेहमीचं, बीही नेहमीचं, पण अंगकाठी वेगळी. इतर ठिकाणी हे झाड एका सरळ काडीवर उभं असतं. इथं बुंध्यापासूनच तीन-चार काड्या फुटलेल्या, झाड बुटकं आणि दाट, आणि पान लहान. दुसरीकडे पान साडेआठ-नऊ मिलिमीटर भरायचं, इथं साडेपाचच्या वर जाईना. भुवनेश्वरीनं तिथली दोनशे बारा झाडं मोजली. हा वेगळा प्रकार असेल तर त्याला आजवर कोणी नाव दिलेलं नव्हतं.

तिचे गाइड राघवेंद्र सर सावध माणूस. ते म्हणाले, "माती वेगळी असेल, पाणी वेगळं असेल. एका मातीत वाढवून दाखव. तिथंही वेगळं राहिलं तर ते झाडाच्या रक्तात आहे असं मी मानीन."

म्हणून तिनं पाच गावांचं बी आणलं. तिरुवैयारू, पापनाशम, बुदलूर, ओरत्तनाडू, कुंभकोणम. प्रत्येक गावाच्या आठ कुंड्या. तंजावूरच्या करंदै भागातल्या घराच्या गच्चीवर, ज्याला घरात सगळे मोट्टमाडी म्हणतात, तिथं चाळीस कुंड्या मांडल्या. माती एकच आणि ऊनही एकच. प्रत्येक कुंडीवर तमिळमध्ये गावाच्या नावाची चिठ्ठी. कुंड्या मुद्दाम सरमिसळ ठेवल्या, म्हणजे कोणाला सावलीचा फायदा नको. सकाळी ती कॉलेजला जायची, तेव्हा पाण्याचं काम आईकडे, महालक्ष्मीअम्माकडे. अम्मा अडुसष्ट वर्षांची. नवरा गेल्यापासून मायलेकी दोघीच घरात, आणि अम्माची बोली जुनी तंजावुरी मराठी. भुवनेश्वरीनं आईसाठी एक कागदच भिंतीला चिकटवला होता: प्रत्येक कुंडीला एकच लोटा पाणी. कुंडी हलवायची नाही. खत नाही, ताक नाही, तांदळाचं धुवण नाही. झाड उपटायचं नाही.

दोन महिन्यांनी मोजलं. तिरुवैयारूची आठही झाडं बुटकी, दाट, लहान पानांची. बाकीची बत्तीस सरळ उभी.

त्या दिवशी भुवनेश्वरीनं आईला मिठी मारली. ही गोष्ट त्यांच्या घरात सहसा होत नाही, त्यामुळे अम्मा घाबरली. मग कळल्यावर हसली. "अम्मा, या झाडाला मी तुझं नाव देणार," लेक म्हणाली. अम्मानं "मज कशाला नांव?" म्हणून हात झटकला, आणि दुसऱ्याच दिवशी तिरुवैयारूला भावजयीला, भागीरथीमामीला, फोन करून सांगितलं.

प्रबंध लिहून झाला, पाठवला, परीक्षकांचे शेरे आले. दोघांनीही पाचव्या प्रकरणाची, म्हणजे या कुंड्यांच्या प्रकरणाची, तोंडभरून स्तुती केली होती. तोंडी परीक्षेची तारीख ठरली. आणि त्या तारखेला अकरा दिवस उरले असताना भुवनेश्वरी सकाळी उगाचच गच्चीवर गेली.

उगाचच म्हणजे काय, तिला खाली चैन पडेना. कुंड्यांतली जुनी झाडं कधीच वाळवून कागदांवर चिकटवून झाली होती, पण सांडलेल्या बियांतून नवी रोपं उगवली होती, आणि अम्मा त्यांनाही नेमानं पाणी घालत होती. अम्मा नुकतीच न्हाऊन आलेली. केसांना पंचा गुंडाळलेला. एका कुंडीपाशी वाकली, अंगठ्याच्या नखानं रोपाचा शेंडा टच्‌ करून खुडला. पुढच्या कुंडीतला दुसरा. मग मधल्या दोन कुंड्या सोडून तिसरा. तिन्ही शेंडे तोंडात टाकले आणि चावत चावत लोटा उचलला. तिचं त्याकडे धड लक्षही नव्हतं.

भुवनेश्वरी जिन्याच्या दारातच थांबली.

"अम्मा, काय करतेस?"

"काय करत्यें? रोजचेंच."

"शेंडे खुडलेस तू."

"तीनच खुडले. तीनच घ्यावयाचे. मूळ सोडलें आहे नव्हे? उपटूं नको म्हणून लिहिलें होतेंस, मी उपटलें नाहीं."

"कधीपासून खुडतेस?"

"तूं कुंड्या मांडल्यास तेव्हांपासून. चार पानें आलीं कीं शेंडा घ्यावयाचा. आमच्याकडे नदीवरून न्हाऊन येतांना वाटेवरच खुडतात, उपाशी पोटीं खातात. कावीळ येत नाहीं. आणि खुडलें म्हणजेच झाड बरवें भरतें."

भुवनेश्वरीनं सगळ्यात शेवटचा, एकच आशेचा प्रश्न विचारला. "सगळ्याच कुंड्यांतले खुडलेस ना, अम्मा? चाळीसही?"

अम्माला त्या प्रश्नाचा राग आला. "सगळ्या कशाला? तिरुवैयारूचे तेवढेच. चिठ्ठी वाचून खुडत्यें मी. पापनाशमचीं, बुदलूरचीं झाडें परक्यांचीं. त्यांस मी हात कशाला लावूं?"

आता यात अम्माचं काय चुकलं, सांगा. माहेरची आठ झाडं लेकीनं घरी आणली. त्यांना माहेरी जशी वागणूक मिळते तशी इथंही मिळावी एवढंच तिनं पाहिलं. बाकीच्यांना पाणी दिलं आणि अदबीनं दूर राहिली. कागदावर लिहिलेला एकही नियम तिनं मोडला नव्हता. आणि कुंड्या कितीही सरमिसळ ठेवल्या असत्या तरी चिठ्ठी वाचून माहेर शोधणाऱ्या बाईपुढे काय चालणार होतं?

भुवनेश्वरी खाली आली. शेंडा खुडला की झाड बुंध्यातून फुटतं, पान लहान होतं, हे ती दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवते. रक्तात वगैरे काही नव्हतं. तिची आठ झाडं आईच्या नखानं वेगळी झाली होती.

पुढचे तीन दिवस तिनं कोणालाही सांगितलं नाही. कोणाला कळणार होतं? झाडं वाळून कागदावर चिकटलेली, आकडे छापलेले, परीक्षक खूश. हे माहीत असलेली जगात दोनच माणसं, आणि त्यातल्या एकीला आपल्याला काय माहीत आहे याचीच कल्पना नव्हती. भुवनेश्वरी रात्री जेवायला बसे आणि दोन घास खाऊन उठे. दिवसा वर्गात बोलता बोलता थांबे. मुली वाट बघत आणि तिला वाक्य आठवत नसे. एकदा तर ती स्कूटी घेऊन कॉलेजला निघाली आणि जुन्या बसस्टँडपर्यंत गेल्यावर लक्षात आलं, की आज रविवार आहे. घरी परतावंसं वाटेना. तशीच वळली आणि तिरुवैयारूच्या रस्त्याला लागली.

आठ वाजले असतील. नदीला पाणी बेताचंच होतं. ती पायवाटेच्या कडेला उकिडवी बसली आणि एका झाडाच्या बुंध्याभोवतीची माती बोटांनी बाजूला केली. जमिनीपासून बोटभर उंचीवर, चार काड्या जिथून फुटल्या होत्या तिथं मधोमध, एक सुकलेलं काळं टोक होतं. ज्वारीच्या दाण्याएवढं. हे टोक तिनं पूर्वी पाहिलं होतं. तिनं काढलेल्या चित्रात ते होतं, अगदी नेटकं, आणि पुढे बाण काढून तिनं "गाठ" असं लिहिलं होतं. दोनशे बारा झाडांत तिला दोनशे बारा गाठी दिसल्या होत्या.

ती तिथं तासभर बसली. या वाटेवर ती इतक्या वेळा आली होती, पण नेहमी दहा-अकराला, मोजायला ऊन लागतं म्हणून. न्हाण्याच्या वेळी कधीच नाही. आता ओल्या साड्यांतल्या बायका पायऱ्या चढून वर येत होत्या. गप्पा चालल्या होत्या, कडेवर पाण्याचे कुडम होते, आणि मोकळा हात खाली जात होता. टच्‌. कोणी खाली बघतसुद्धा नव्हतं. एकीनं चालता चालता शेंडा मागून येणाऱ्या म्हातारीच्या हातावर ठेवला. भुवनेश्वरीनं सवयीनं मोजलं. एकतीस बायका, नऊ पुरुष. न खुडता गेले ते फक्त चार.

तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. ती उठली, गुडघ्यांची माती झटकली आणि तशीच राघवेंद्र सरांच्या घरी गेली.

सरांनी सगळं ऐकलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कोणाकोणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच."

"मग आता इथंच राहू दे." ते तमिळमध्ये हळू बोलत होते, आत बायको होती. "मी मेअखेर निवृत्त होतो. परीक्षा पुढे गेली तर तुला दुसरा गाइड शोधावा लागेल, आणि नऊ वर्षं जुना विद्यार्थी कोणी घेत नाही. पदवी हातात पडू दे. मग सावकाश एखादा लेख लिही, त्यात दुरुस्ती कर. खोटं बोल असं मी म्हणत नाही. विचारलं नाही तर सांगू नकोस, एवढंच."

सर वाईट माणूस नव्हेत. नऊ वर्षं त्यांनी तिच्या मसुद्यांवर लाल पेन चालवला होता, तिच्या वडिलांच्या आजारपणात मुदत वाढवून आणली होती. म्हणूनच तिला त्यांचं म्हणणं डावलणं जड जात होतं. ती "बरं सर" म्हणाली आणि निघाली. घरी येईपर्यंत तिनं तीनदा ठरवलं, की गप्प राहायचं, आणि तीनदा मोडलं.

घरी वेगळंच चाललं होतं. अम्मानं ठेवणीतलं हिरवं पट्टू, म्हणजे रेशमी लुगडं, उन्हात घातलं होतं. तोंडी परीक्षा म्हणजे बंद दाराआडचं काम असं वाटेल, पण तिथं ती सगळ्यांसमोर होते. घरचे, शेजारचे, विद्यार्थी, ज्याला यायचं तो येऊन बसतो, आणि शेवटी केसरी म्हणजे गोड शिरा, मेदुवडा आणि कॉफी. अम्मानं फोनवरून सगळ्यांना बोलावलं होतं. "भागीरथी वहिनी येती आहे," ती म्हणाली. "गल्लींतल्या चौघींस घेऊन येती आहे. झाडाचें नांव सांगशील तेव्हां ऐकावयास." आईला सांगायचं धैर्य भुवनेश्वरीला झालं नाही. परीक्षेच्या सकाळपर्यंत झालं नाही.

सभागृहात पन्नासेक माणसं. पहिल्या रांगेत अम्मा, शेजारी भागीरथीमामी आणि तिरुवैयारूच्या चौघीजणी, पाचही जणींनी केसांत मल्लीचे गजरे माळलेले. परीक्षक म्हणून कोयंबतूरहून एक बाई आल्या होत्या, साठीच्या, बॉबकट केलेल्या, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता ऐकणाऱ्या. भुवनेश्वरीनं चार प्रकरणं सांगितली. बीवरच्या रेघा, फळाचे देठ, पाकळ्या. इथवर तिला भीती नव्हती, ते काम चोख होतं. मग पडद्यावर पाचव्या प्रकरणाचं चित्र आलं. डावीकडे सरळ झाड, उजवीकडे बुटकं. खाली तिनं सुचवलेलं नाव. त्या लॅटिन अक्षरांत अम्माला आपलं नाव वाचता आलं नसतं, पण मामीनं तिला कोपरानं ढोसलं आणि दोघी हसल्या.

भुवनेश्वरीनं टोपण काढलं, घातलं, काढलं.

"हे प्रकरण मला मागे घ्यायचं आहे," ती म्हणाली. "या आठ कुंड्यांतल्या रोपांचे शेंडे वाढताना खुडले गेले होते. बाकीच्या बत्तीस कुंड्यांत खुडले गेले नाहीत. त्यामुळे जो फरक दिसतो तो खुडण्याचा आहे. नदीकाठच्या झाडांतला फरकही त्याचाच असावा. नवा प्रकार आहे असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. ही चूक माझी आहे, मी वेळेवर पाहिली नाही."

राघवेंद्र सरांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मागच्या रांगांत कुजबुज झाली.

कोयंबतूरच्या बाईंनी वही मिटली. "शेंडे कोणी खुडले?"

अकरा दिवस भुवनेश्वरीनं या सभेचा विचार केला होता, पण हा प्रश्न येईल हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. "घरातल्या..." एवढंच ती म्हणाली.

पहिल्या रांगेत पट्टू सळसळलं. महालक्ष्मीअम्मा उभी राहिली. "मी खुडले," ती तमिळमध्ये म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "किती उंच झालं की खुडता?"

"चार बोटं. चार पानं आली की."

"एकदाच?"

"नाही. फुटवे आले की त्यांचेही. पण फूल धरलं की नाही. फूल धरलेल्या झाडाला हात लावायचा नाही."

"उपटत का नाही?"

"उपटलं तर उद्या काय खाणार?" अम्मा म्हणाली, आणि मामीसकट पाचही जणींनी माना डोलावल्या. मग मामीनं बसल्या जागेवरून भर घातली, की पावसाच्या पाण्यात वाढलेलं घेत नाहीत, अमावास्येला घेत नाहीत, आणि नख लावायचं, दात किंवा कात्री नाही. बाई विचारत गेल्या, त्या सांगत गेल्या. वही पुन्हा उघडली होती. दहा मिनिटं त्या सभागृहात परीक्षा महालक्ष्मीअम्माची चालली होती, आणि जिची परीक्षा होती ती पडद्यापाशी उभी राहून ऐकत होती. नऊ वर्षांत तिनं आईला यातलं एक अक्षर विचारलं नव्हतं.

निकाल असा लागला: प्रबंध परत. पाचवं प्रकरण पुन्हा प्रयोग करून नव्यानं लिहायचं, मुदत सहा महिने, गाइड बदलून. राघवेंद्र सर केसरी न खाता गेले. जाताना त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

ऑटोत मायलेकी दोघीच. अम्मा बाहेर बघत होती.

"भुवनी, तुझें सगळें मोडलें का मी?"

"माझं मीच मोडलं, अम्मा. तुला कागद लिहून दिला. तू काय करतेस ते विचारलं नाही."

"मग आतां त्या झाडास माझें नांव नव्हे."

"नाही."

"सरी, बरें," अम्मा म्हणाली. मग म्हणाली, "वहिनीस आधींच सांगून बसल्यें मी." आणि पदरानं डोळे टिपले. भुवनेश्वरीला त्या क्षणी पदवी, सर, नऊ वर्षं, कशाचंच एवढं वाईट वाटलं नाही जेवढं त्या एका वाक्याचं वाटलं.

महिन्याभरात गच्चीवर पुन्हा कुंड्या मांडल्या, या वेळी ऐंशी. निम्म्या खुडायच्या, निम्म्या नाही. कोणत्या, ते भुवनेश्वरीनं चिठ्ठ्या टाकून ठरवलं. खुडायचं काम अम्माचं, कारण तिच्याइतकं नेमकं नख कोणाचं नव्हतं. कुंडीवर गावाचं नाव नव्हतं, फक्त आकडा, आणि तांबडा ठिपका असेल तर खुडायचं. तरी अम्माला कोणती कुंडी कोणत्या गावची हे आठवड्याभरात पाठ झालं. ते कसं, हे तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. ज्यांना कधी हात लावला नव्हता त्या पापनाशमच्या झाडांचे शेंडे आता तिला खुडावे लागत होते, आणि माहेरच्या निम्म्या झाडांजवळून हात आवरून पुढे जावं लागत होतं. पहिले काही दिवस ती डावा हात पदरात गुंडाळून उजव्या हातात लोटा धरायची, म्हणजे मोकळा हातच उरायचा नाही.

पन्नासाव्या दिवशी सकाळी भुवनेश्वरीनं पट्टी लावली. न खुडलेली तिरुवैयारूची झाडं सरळ, एका काडीवर उभी. पान साडेआठ, नऊ. खुडलेली पापनाशमची झाडं बुंध्यातून फुटलेली, बुटकी, दाट. पान साडेपाच. ऐंशीच्या ऐंशी तशीच निघाली. तिनं शेवटचा आकडा लिहिला आणि आईला सांगितलं, की संपलं, आता झाडांना हात लावलेला चालेल.

अम्मा बराच वेळ उभी राहून कुंड्या बघत होती. मग पापनाशमच्या कुंडीपाशी गेली, एक शेंडा खुडला, तोंडात टाकला. तो पुरता चावून झाल्यावर तिरुवैयारूच्या कुंडीतला घेतला. तोही चावला.

"हेंही तेवढेंच कडू गे," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मज वाटत होतें, आमच्याकडचें वेगळें."

वहीतले ऐंशी आकडे तेच म्हणत होते, पण आईच्या तोंडून ते ऐकवेना. भुवनेश्वरी जवळ जाऊन कट्ट्यावर बसली. अम्मानं आणखी तीन शेंडे खुडले. कोणत्या कुंडीतले ते या वेळी तिनं पाहिलं नाही. हात लेकीच्या तोंडापाशी नेला.

"घे. न्हाऊन अजून कांहीं खाल्लें नाहींस नव्हे?"

भुवनेश्वरीनं तोंड उघडलं. पाला कडू होता, आणि तो कडूपणा जिभेच्या ओळखीचा होता. नदीच्या पायऱ्यांवर ओल्या हातानं कोणीतरी, आई किंवा मामी, तोंडात काहीतरी कोंबायचं आणि थुंकू द्यायचं नाही. तेव्हा ती पाच वर्षांची असेल. कॉलेजला उशीर होत होता, खाली फोन वाजत होता. शेंडे चावून होईपर्यंत ती आईला टेकून बसून राहिली, पाय न हलवता.